उललेल्या नडग्या आणि बंबाचे पाणी: कोरेगाव तालुक्यातील एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात हिवाळा सगळीकडे सारखा नसतो. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो 500 मिलिमीटरच्या आसपास असतो. कोरेगाव तालुका या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतो. डिसेंबर-जानेवारीत येथे पहाटेचे तापमान 10 ते 12 अंशांपर्यंत उतरते, दुपारी मात्र ऊन चांगलेच तापते आणि हवा कोरडी ठणठणीत होते. पहाटेची थंडी आणि दुपारचा कोरडेपणा एकाच दिवसात सोसावा लागत असल्याने या दिवसांत ओठ फुटणे, हात खरखरीत होणे, पाय उलणे या तक्रारी घरोघरी असतात, आणि त्या घरगुतीच मानल्या जातात. दवाखान्यापर्यंत त्या येतात त्या बहुधा बिघडल्यावरच.

हे प्रकरण अशाच एका घरातले आहे. रुग्ण महिला साठी ओलांडलेल्या असून त्यांना येथे आक्का म्हटले आहे. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. घरात पती, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. शेती विहिरीच्या पाण्यावरची असून त्यात आले हे मुख्य पीक. आक्का पहाटे पाचला उठून तांब्याचा बंब पेटवीत, अंघोळ करून देवपूजा करीत आणि मग चुलीवर भाकऱ्या करायला बसत. आल्याची काढणी सुरू झाली की दुपारभर त्या शेतात असत. हा क्रम त्यांनी चाळीस वर्षे चालवला होता, आणि उपचाराचा कोणताही विचार या क्रमाला धरूनच करावा लागणार होता.

अडचण

दिवाळीनंतर आक्कांच्या दोन्ही नडग्यांना खाज सुटू लागली. आधी पांढरा कोंडा दिसे, नंतर बारीक भेगा पडल्या. खाज रात्री अंथरुणात वाढे. खाज येते म्हणजे अंगावर काहीतरी मळ किंवा जंतू आहे, असा घरातला समज होता. म्हणून अंघोळीचे पाणी आणखी गरम झाले, जंतुनाशक म्हणून विकला जाणारा साबण आला, आणि टाचांबरोबर नडग्यांवरूनही वज्री फिरू लागली. घासल्यावर घटकाभर बरे वाटे. आक्का म्हणत, "कडक पाण्याबिगर आंग मोकळं हुत न्हाई." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, कारण कडकडीत पाण्याने खाजेची जाणीव थोडा वेळ खरोखरच दबते. मात्र तासाभराने ती दुप्पट होऊन परत येते.

आठवड्याभराने मुलाने बाजारातील औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. तिच्यात क्लोबेटासॉल हे अतितीव्र स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि प्रतिजैविक असे तिन्ही एकत्र होते. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली गेली नाही. पहिल्या चार दिवसांत लाली ओसरली, त्यामुळे घरात ट्यूबवर विश्वास बसला. लावणे थांबवले की खाज उसळे आणि पुन्हा ट्यूब आणली जाई. अशा तीन ट्यूब संपल्यानंतर, डाव्या नडगीवरून लस येऊ लागली तेव्हा सून त्यांना दवाखान्यात घेऊन आली.

तपासताना दिसले ते असे: दोन्ही नडग्यांवर, तळ उघडा पडलेल्या पाझर तलावाच्या मातीसारखे भेगांचे जाळे होते, भेगांच्या कडा लाल होत्या आणि डाव्या पायावर रुपयाएवढा भाग ओला होता. टाचांच्या भेगा खोल होत्या व त्यांतील दोन दुखऱ्या होत्या. हातांची बोटे कोरडी असून अंगठ्याच्या टोकाला चीर होती. पोट, काखा आणि जांघा जवळजवळ निरोगी होत्या.

पहिला निर्णय: ही नुसती कोरडी त्वचाच आहे काय

हिवाळ्यातली खाज म्हणजे कोरडेपणा, असे धरून चालणे सोपे असते. परंतु थंडीत माणसे एकत्र, एकाच पांघरुणात झोपतात आणि खरूजही याच दिवसांत पसरते. तिचीही खाज रात्री वाढते. म्हणून आधी बोटांच्या बेचक्या, मनगटे, बेंबीभोवतालचा भाग पाहिला आणि घरात आणखी कोणाला खाज आहे का ते विचारले. बेचक्या स्वच्छ होत्या आणि आक्कांजवळ झोपणाऱ्या नातीला काहीही त्रास नव्हता. खरजेची शक्यता त्यामुळे मागे पडली.

दुसरी तपासणी संवेदनेची होती. एखादा कोरडा, घाम न येणारा चट्टा बधिर असेल तर कुष्ठरोगाचा विचार करावाच लागतो, आणि टाच बधिर असेल तर मधुमेहाचा. कापसाचा बोळा आणि पेनाचे टोक एवढ्यावर ही प्राथमिक तपासणी होते. डोळे मिटून आक्कांनी प्रत्येक स्पर्श अचूक सांगितला. उपाशीपोटीची साखर तपासली, ती ठीक होती. टाचेला भेगा असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची साखर पाहिलीच पाहिजे असे माझे ठाम मत आहे, कारण मधुमेहात याच भेगेतून जंतू शिरतो आणि पाय गमावण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्या लगेच कराव्यात की थांबावे, यावर विचार झाला. वयस्कर माणसाच्या सर्वांगाला पुरळाविना खाज सुटली तर या तपासण्या टाळू नयेत. येथे खाज सर्वांगाला नव्हती, वजन वाढले नव्हते, बद्धकोष्ठता नव्हती, आवाज बदलला नव्हता, आणि नडग्यांवरील चित्र बोलके होते. म्हणून तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर या तपासण्या करायच्या, असे ठरवून ते केसपेपरवर लिहून ठेवले.

त्वचेत नेमके काय घडत होते

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे स्निग्ध लिंपण असते. आतले पाणी उडून जाऊ नये, ही या लिंपणाची कामगिरी. वयाबरोबर ते विरळ होते. नडगीवर तेलग्रंथी मुळातच कमी असल्याने हिवाळ्याचा पहिला फटका तिला बसतो. कडकडीत पाणी आणि साबण हे लिंपण धुऊन नेतात. शिवाय निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी, साधारण 5 पीएचच्या आसपास असते, तर नेहमीचा साबण अल्कधर्मी, 9 ते 10 पीएचचा असतो. त्वचा आपली आम्लता परत मिळवते, परंतु त्याला वेळ लागतो, आणि रोज पहाटे साबण लावून घासणाऱ्याला तो वेळ मिळत नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर साबणाचा साका अंगावर राहून आणखी चुरचुर होते.

आक्कांच्या घरी तेलाची कमतरता नव्हती. आंघोळीपूर्वी त्या हातापायांना खोबरेल लावीत, पण नंतर ते साबणाने निघून जाई आणि अंघोळीनंतर, जेव्हा त्वचेत पाणी मुरलेले असते आणि ते कोंडून ठेवण्याची गरज असते, तेव्हा अंगाला काहीच लावले जात नसे. उपचाराची दिशा येथे ठरली. आधी अंघोळ बदलायची, मग मलम.

पर्यायांचा विचार

घरच्यांची पहिली मागणी खाजेच्या इंजेक्शनची होती. स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले असते तर दोन दिवसांत आराम दिसला असता आणि ट्यूबची गोष्ट नव्या रूपात सुरू झाली असती, म्हणून ते नाकारले. झोप आणणारी ॲलर्जीची गोळीही दिली नाही. कोरडेपणाच्या खाजेवर तिचा उपयोग मर्यादित असतो, आणि पहाटेच्या अंधारात न्हाणीघराकडे जाणाऱ्या साठीपुढच्या बाईला गुंगी राहणे धोक्याचे आहे.

ट्यूब एकदम बंद करावी का, हा अवघड प्रश्न होता. तीव्र स्टेरॉइड अचानक थांबवले की लाली आणि खाज उलटते, आणि मग रुग्ण डॉक्टरला सोडून दुकानाकडे जातो. दुसरीकडे, दाह असलेली त्वचा नुसत्या तेलाने शांत होत नाही. म्हणून मधला मार्ग घेतला: तीन औषधांची ट्यूब बंद, त्याऐवजी मध्यम तीव्रतेचे एकट्या स्टेरॉइडचे मलम, फक्त लाल भागावर, दिवसातून एकदा, आणि तेही दहा दिवसांच्या आत थांबवायचे. ओल्या भागासाठी आधी दोन दिवस मिठाच्या गार पाण्याच्या घड्या. अशी स्टेरॉइड मलमे 2018 साली केंद्र सरकारने अनुसूची 'एच'मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, हे मुलाला नीट समजावून सांगितले. त्याला दोष देण्याचा उद्देश नव्हता. आईचे हाल पाहवेनात म्हणून तो दुकानात गेला होता.

स्निग्ध पदार्थ कोणता, यावर बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. तयार मॉइश्चरायझर उत्तम असतात, पण दोन्ही पाय आणि हात यांना दिवसातून दोनदा लावायचे तर आठवड्याला 100 ग्रॅमहून अधिक लागते. त्या हिशेबाने महिन्याचा खर्च या घराला झेपणारा नव्हता, आणि महाग वस्तू बोटाच्या टोकावर घेऊन पुरवून पुरवून वापरली जाते. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, परंतु भेगाळलेल्या त्वचेवर नुसते लावले की झोंबते. बेसनाचे उटणे तेल शोषून घेते, त्यामुळे ते वर्ज्य. साय रात्रभर अंगावर ठेवणे आरोग्याच्या दृष्टीने योग्य नाही. खोबरेल चांगले असते, घरात असते आणि आक्कांचा त्यावर विश्वास होता. पेट्रोलियम जेली पाणी रोखण्यात सर्वांत सरस, स्वस्त आणि वासरहित, पण चिकट.

शेवटी ठरले ते असे की सकाळी अंघोळीनंतर खोबरेल आणि रात्री निजताना पेट्रोलियम जेली लावायची. टाचांसाठी युरियाचे मलम नंतर द्यायचे, कारण उघड्या भेगेत ते आग करते. भेगा मिटू लागेपर्यंत टाचांनाही जेलीच आणि तिच्यावर सुती मोजे.

प्रत्यक्ष कृती

दवाखान्यात दिलेल्या सूचना घरी किती पाळता येतात, हे न्हाणीघर पाहिल्यावर कळते. गावातील आशाताई (आशा आरोग्य कार्यकर्ती) पहिल्या आठवड्यातच आक्कांच्या घरी पहाटे जाऊन आल्या. न्हाणीघर परसात होते, दार पत्र्याचे होते, आणि दाराखालून वारे येत होते. बंबातले पाणी बादलीत पडताना वाफेने दिवा दिसत नव्हता. विसण म्हणून जेमतेम एक तांब्या गार पाणी घातले जाई. कोनाड्यात साबण, वज्री आणि खोबरेलाची बाटली होती, आणि बाटलीतले तेल थिजून पांढरे झाले होते. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजते. ओल्या अंगाने कुडकुडत त्या बाटलीतून काडीने तेल उकरणे कोणालाही जमणारे नव्हते. अंघोळीनंतर तेल लावा, ही आपली सूचना या एका कारणाने पहिल्याच दिवशी बारगळली असती.

मग उपाय घरातूनच निघाले. तेल रुंद तोंडाच्या बरणीत काढून ती बंबाजवळच्या कट्ट्यावर ठेवायची, जाळापासून हातभर दूर. दाराखाली गोणपाटाची घडी. विसण इतके घालायचे की मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी सोसवेल, पोळणार नाही. अंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपायची आणि अंग खसखसा न पुसता टिपून, थोडे ओले असतानाच तेल लावायचे. सुनेने यात मोलाची भर घातली. ती म्हणाली, "आत्या, तुम्ही नुसतं टिपून भाईर या, पायांना मी चुलीपुढं बसवून लावते." न्हाणीतल्या गारठ्यात उभे राहण्याचा प्रश्न त्यामुळे मिटला.

अंघोळीची वेळ उन्हं आल्यावर ठेवावी, ही सूचना आक्कांनी मानली नाही. पूजेआधी पारोसे राहणे त्यांना मान्य नव्हते. त्यावर वाद घातला नाही. रोज अंघोळ व्हावी पण साबण काखा, जांघा आणि पावले एवढ्यापुरताच, नडग्यांना आठवड्यातून एकदाही नाही, हे त्यांनी आनंदाने मान्य केले. वेळेचा आग्रह सोडून साबणाबद्दलचा आग्रह धरला, हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत उपयोगी निर्णय होता.

दोन धोके मात्र स्पष्ट शब्दांत सांगावे लागले. जेली, तेल किंवा मलम कापडात मुरले आणि वाळले की ते कापड लवकर पेटते आणि जोरात जळते. चुलीपुढे आणि शेकोटीशेजारी बसणाऱ्या, नऊवारी नेसणाऱ्या बाईसाठी हा धोका कागदावरचा नाही. म्हणून तेल जिरल्याशिवाय जाळापुढे बसायचे नाही, सुनेने तेल लावताना जाळ मागे ओढायचा, आणि तेलकट पातळ व मोजे वरचेवर गरम पाण्याने धुवायचे, हे ठरले. धुतल्यानेही कापडातला सगळा अंश जात नाही, त्यामुळे जाळापासूनचे अंतर हाच खरा उपाय. दुसरा धोका घसरण्याचा. शहाबादी फरशीवर जेली लावलेल्या तळव्यांनी चालणे म्हणजे खुब्याच्या हाडाशी खेळ. म्हणून जेली अंथरुणावर बसूनच लावायची आणि मोजे घालूनच रात्री उठायचे, तेही भिंतीला धरून.

हातांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. भांड्यांना रबरी हातमोजे आले. आले धुण्याचे काम काही दिवस मुलाने उचलले, कारण चिरलेल्या बोटांना आल्याचा रस आणि ओली माती दोन्ही सोसत नाहीत. भाकरी हातमोज्यांनी थापता येत नाही, तेव्हा भाकऱ्या झाल्यावर हात धुऊन तेल, एवढेच ठरवले.

मध्येच आलेला अडथळा

पहिल्या आठवड्यात झोप लागू लागली, लस थांबली आणि ठरल्याप्रमाणे स्टेरॉइड बंद झाले. संक्रांतीच्या सुमारास थंडीचा कडाका वाढला आणि खाज परतली. घरच्यांना वाटले की मलम बंद केल्यामुळेच हे झाले, आणि मुलाच्या मनात पुन्हा ट्यूब आली. येथे घाईने औषध वाढवले असते तर कारण झाकले गेले असते. विचारपूस केल्यावर दोन गोष्टी पुढे आल्या. गारठ्यामुळे आक्का घोंगडी थेट अंगावर घेऊ लागल्या होत्या, आणि संध्याकाळी शेकोटीला पाय अगदी जवळ धरून बसत होत्या. लोकरीचा खरखरीत धागा कोरड्या त्वचेला टोचतो आणि खाज चेतवतो. शेकोटीची धग त्वचा सुकवते, आणि रोज तेथेच शेकत राहिल्यास नडगीवर तपकिरी जाळीदार डाग उमटतात. तसे फिकट डाग उजव्या पायावर दिसूही लागले होते.

औषध बदलले नाही. अंगालगत जुन्या लुगड्यांची मऊ वाकळ आणि तिच्यावर घोंगडी, तसेच शेकोटीपासून दोन हातांचे अंतर आणि पायांत सैल सुती विजार, एवढाच फेर केला. चार-पाच दिवसांत खाज उतरली.

परिणाम

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी नडग्यांवरील भेगांचे जाळे मिटले. त्वचा अजून कोरडी वाटत होती, पण लाली नव्हती आणि ओरखडे नव्हते. राखून ठेवलेल्या तपासण्यांची गरज पडली नाही. अंगठ्याची चीर भरली. टाचांनी मात्र वेळ घेतला. दुखरेपणा गेल्यावर युरियाचे मलम सुरू केले, वज्री आठवड्यातून एकदा, पाय कोमट पाण्यात भिजवून, हलक्या हाताने. फेब्रुवारी संपेपर्यंत एक भेग सोडून बाकीच्या मिटल्या. डाव्या नडगीवरची त्वचा तीव्र स्टेरॉइडने पातळ झाली होती. ती पुढे बरीच सुधारली, तरी तेथे बारीक रक्तवाहिन्या दिसतात.

पुढील हिवाळ्यात आक्कांनी आपणहून कोजागिरीनंतर रात्रीची जेली सुरू केली. दिवाळीत अभ्यंगस्नान झाले, पण उटणे चिमूटभर आणि नंतर पुन्हा तेल. त्या थंडीत नडग्या उलल्या नाहीत.

वेगळे काय करता येईल

सर्वांत मोठी संधी औषधाच्या दुकानात होती. आईला खाज आहे असे सांगणाऱ्या मुलाला तेथे पेट्रोलियम जेलीची बरणी देऊन दवाखान्याचा रस्ता दाखवला असता तर पुढचे बरेचसे टळले असते. गावातल्या आरोग्य सभांमध्ये डास, पाणी, लसीकरण यांवर बोलले जाते. दिवाळीआधीच्या एखाद्या सभेत विसण, साबण आणि ट्यूब यांवर दहा मिनिटे बोलणे सहज शक्य आहे, आणि त्या सभेला औषधविक्रेत्यालाही बोलावता येते.

न्हाणीघर पाहण्याचे काम पहिल्याच भेटीच्या दिवशी ठरवून टाकावे. तेल थिजलेले आहे, दाराखालून वारे येते, या गोष्टी केसपेपरवर येत नाहीत आणि रुग्ण त्या सांगतही नाही. तसेच पांघरूण आणि शेकोटी यांबद्दलचे प्रश्न सुरुवातीच्या विचारपुशीतच घेतले तर संक्रांतीसारखा उलटा फेरा टळू शकतो. खाज सर्वांगाला पसरली, वजन घटू लागले, ताप आला, टाचेतून पू आला किंवा पाय बधिर वाटू लागला, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवावे, हे कुटुंबाला लिहूनच द्यावे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. घरात आक्का अनवाणीच वावरतात, कारण चूल आणि देवघर एकाच खोलीत आहेत आणि तेथे चप्पल चालत नाही. उरलेली ती एक भेग दर थंडीत तेथेच उघडते. जाड तळाचे धुतलेले सुती मोजे फक्त त्या खोलीपुरते वेगळे ठेवावेत, असे सुनेने सुचवले आहे. तळाला घसरण न होण्यासाठी रबरी ठिपके असलेले मोजे मिळाले तर यंदा ते वापरून पाहायचे आहेत.